ठोका पडला आणि टाळ्या वाजल्या

जालन्याच्या मिशन दवाखान्यात मी नर्सिंग शिकत होते तेव्हाची गोष्ट. निजामाचं राज्य होतं. आमचं गाव भोकरदनकडचं, घरी शेती. दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या पायाला विळा लागून जखम चिघळली होती, ती या दवाखान्यात बरी झाली. खाटेवर पडल्या पडल्या दादांनी एक गोष्ट पाहिली: पांढऱ्या लुगड्यातल्या पोरी पुरुषांना दटावतात आणि पुरुष मुकाट ऐकतात. घरी आल्यावर ते आईला म्हणाले, "हिला तिथंच घालतो शिकायला." भावकीत बोंब झाली. पोरगी बाटणार, असं सगळे म्हणाले. दादा म्हणाले, "मंग माझा पाय कापून टाका, तो बी बाटलेलाच हाय." असा माझा दवाखान्यात प्रवेश झाला.

माझं शिक्षण संपत आलं होतं त्या हिवाळ्यात आमच्या डॉक्टर बाईंनी सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलावलं. त्या विलायतेच्या, पण मराठी अस्खलित बोलत. फक्त ती पुस्तकातली, जुन्या वळणाची मराठी होती. त्या म्हणाल्या, "सिकंदराबादेहून एक मोठा वाद्यवृंद येत आहे. आपल्या स्त्रियांच्या नव्या वॉर्डासाठी तो आपली कला सादर करील. ऑपेराचे संगीत वाजवील."

ऑपेरा म्हणजे काय ते कोणालाच माहीत नव्हतं. बाईंनी सांगितलं की आपल्याकडे संगीत नाटक असतं तसंच, पण त्यात बोलणं जवळजवळ नसतंच, भांडणसुद्धा गाऊन करतात. आमच्या कंपाउंडरला नाटकांचा फार नाद. कुठलीही नाटक कंपनी जालन्यात उतरली की तो पहिल्या दिवशी हजर. त्याने विचारलं, "मंग गाणारे किती येऊन राह्यले, बाई?"

"गाणारे नाहीत. केवळ वाद्ये."

"अन् नाटक?"

"नाटकही नाही."

कंपाउंडर बाहेर आल्यावर मला म्हणाला, "नाटकाचं गाणं म्हणती, त्यात नाटक न्हाई, गाणंबी न्हाई. मंग लोकं काय पाहणार, खुर्च्या?"

मंडळी आली त्या दिवशी आम्हा चार-पाच मुलींना मडमांच्या सोबतीसाठी स्टेशनवर पाठवलं होतं. गाडीतून पलटणीतले साहेब उतरले, रेल्वेतले साहेब उतरले, त्यांच्या मडमा, काही गोव्याकडचे वादक आणि दोन-तीन रियासतीच्या बँडातली पिकली माणसं. मग सामानाच्या, ब्रेकच्या डब्यातून चार हमालांनी एक काळी लांब पेटी खांद्यावर घेतली आणि प्लॅटफॉर्म एकदम गप्प झाला. माणसाच्या उंचीहून मोठी, एका टोकाला निमुळती. एका शेतकऱ्याने डोक्यावरचा रुमाल काढला. कापसाच्या एका मुसलमान व्यापाऱ्याने दोन्ही हात पुढे धरून पुटपुटायला सुरुवात केली. मीही हात जोडले. बिचारं कोण परमुलखात गेलं, असं माझ्या मनात आलं.

पुढच्या हमालाने विचारलं, "साब, कबरस्तान को ले जाना?"

पेटीचा मालक एक जाडजूड गोवेकर होता. तो आधी बावचळला, मग त्याच्या ध्यानात आलं, आणि तो इतका हसला की त्याला उभं राहवेना. त्याने पेटी खाली ठेवायला लावली आणि तिच्यावरच बसून हसायला लागला. मयतावर बसला! आमच्यातल्या एका मुलीने किंकाळीच फोडली. व्यापारी "तोबा, तोबा" म्हणत मागे सरला. तेव्हा कुठे त्या माणसाने उठून कड्या काढल्या आणि झाकण उघडून दाखवलं. आत तांबूस, चकचकीत, अवाढव्य सारंगी होती. डबल बास म्हणतात तिला. त्याने जाड तार बोटाने ओढली, तशी पायाखालची फरशी घुमल्यासारखी झाली. हमाल हात झाडून म्हणाला, "अरे, ये तो जिंदा है."

कार्यक्रम जुन्या छावणीतल्या लांबट हॉलात होता. पलटण केव्हाच गेली होती. हॉल एरवी बंद असे. मांडामांड करायला आम्ही आदल्या दिवशी गेलो. मेट्रन बाईंनी मला दवाखान्यातली शेगडी आणि कोळसे घेऊन पाठवलं होतं. "नगारेवाल्याने मागितलेत," एवढंच त्या म्हणाल्या. चहाला असतील असं मला वाटलं.

नगारेवाले म्हणजे साठीच्या घरातले एक हैदराबादचे गृहस्थ. मेंदी लावलेली दाढी, अंगात जुनी पण स्वच्छ शेरवानी. त्यांच्या समोर तांब्याचे दोन हंडे होते, आमच्या गावी लग्नात पाणी तापवायला असतात तेवढे, आणि त्यांवर कातडं ताणलेलं. काठाला गोल स्क्रू. त्यांनी शेगडी हंड्यापासून हातभर दूर ठेवली, हंडा तिरका केला आणि कातडं शेकायला लागले.

"चाचा, हे काय?"

"थंडी है ना बेटी. चमडा ढीला पडता. उसकू भी सेकना पडता, बुढ्ढों के घुटनों के माफिक."

मग त्यांनी कान कातड्याशी नेला, ओठ मिटून गुणगुणल्यासारखं केलं, बोटाने अलगद टिचकी मारली आणि एक स्क्रू जरासा फिरवला. हे कितीतरी वेळ चाललं. मी म्हटलं, "काय बोलून राह्यले त्याच्याशी?"

"पूछ रहा हूँ, तैयार है क्या." ते हसले. त्यांचे वडील एका जहागीरदाराच्या देवडीवर नौबत वाजवायचे. "ये हमारेच नगाड़े हैं, बेटी. कभी का विलायत गए, साहब बन के वापस आए. अब इनको स्क्रू लगते, कागज लगता."

कागद म्हणजे त्यांच्यासमोरच्या घोडीवरची पानं. मी वाकून पाहिलं. ओळींवर जवळजवळ काही नव्हतंच, नुसत्या लांब रेघा आणि त्यांच्यावर आकडे. मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले की हे सगळं गप्प बसायचं. इतकी आवर्तनं गप्प, मग एक ठोका. पुन्हा गप्प. "मेरा काम गिनती का है. ठोका तो कोई भी मारता."

तेवढ्यात डॉक्टर बाई एका उंच, सरळ पाठीच्या पलटणी साहेबाला घेऊन आल्या. तो काडी हलवून सगळ्यांना वाजवायला लावणारा. प्रत्येक तुकड्याआधी लोकांना त्याची कथा सांगायची, असं ठरलं होतं. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माझी मराठी लोकांना ग्रंथ वाचल्यासारखी वाटते. कथा तू सांगशील."

मी हादरलेच. तहसीलदार, वकील, व्यापारी, सगळा पुरुषवर्ग समोर, आणि मी उभी राहून बोलायचं! मी "न्हाई, न्हाई" म्हणत राहिले. चाचा शेगडीपाशी बसल्या बसल्या म्हणाले, "इधर मेरे बाजू में खड़ी होके बोल. डर लगा तो नगाड़े के पीछे बैठ जाना." म्हणून माझी जागा त्यांच्या शेजारी ठरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हं असतानाच कार्यक्रम सुरू झाला. हॉल भरला होता, खिडक्यांतही माणसं होती. बायका एका बाजूला बांबूच्या चिकाच्या पडद्याआड. सगळे वादक बसले. सनईच्या नात्यातलं वाटणारं एक काळं बारीक वाद्य होतं, त्याला ओबो म्हणत; त्याने एक नाकातला, लांब सूर धरला आणि बाकी सगळे त्याच्यावर तुटून पडले. जो तो आपलंच वाजवतोय, कोणाचा कोणाला मेळ नाही. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. एक वकील म्हणाले, "हेच का ते?" कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. ते नुसतं सूर जुळवणं होतं हे समजायला वेळ लागला.

मी पहिली कथा कशीबशी सांगितली. मग साहेबाची काडी खाली आली.

तो आवाज मी आजही सांगू शकत नाही. सनई, संबळ, टाळ-मृदंग, नाटकातली पेटी, हे सगळं मी ऐकलेलं होतं. त्यात एक सूर असतो आणि बाकीचे त्याच्या मागून चालतात. इथे चाळीसेक माणसं वेगवेगळ्या वाटांनी निघाली आणि तरी एका ठिकाणी पोचली. फिडली, म्हणजे व्हायोलिनी, एक म्हणत होत्या; चेलो, त्यांच्या थोरल्या बहिणी, खालून दुसरंच. पितळेच्या गुंडाळलेल्या शिंगाच्या तोंडात मूठ घालून एक रेल्वेचा साहेब वाजवत होता. डोंगरापलीकडून कोणी हाक मारावी तसा तो आवाज. ट्रॉम्बोनवाल्यांनी नळ्या एकदम पुढे फेकल्या तेव्हा पहिल्या रांगेतले तहसीलदार खुर्चीत मागे झाले. आणि झांजांचा पहिला दणका झाला तेव्हा पडद्याआडून एक मूल असं रडायला लागलं की त्याला बाहेर न्यावं लागलं. माझ्या अंगावर काटा आला होता. भीती की आनंद, ते कळत नव्हतं. मी चाचांच्या शेरवानीची बाही धरून ठेवली होती हे मला त्यांनी हात सोडवून घेतला तेव्हा कळलं. त्यांना वाजवायचं होतं.

त्यांच्याकडे मी मधूनमधून पाहत होते. सगळा हॉल थरथरत असताना हा माणूस डोळे अर्धवट मिटून, ओठ हलवत, स्वतःशी मोजत बसलेला. मग उठे, कातड्यावर काड्या अशा पडत की पोटात घुमे, लगेच तळव्याने कातडं दाबून आवाज बंद. पुन्हा ओठ हलायला सुरुवात.

शेवटची कथा मला आवडली होती, म्हणून मी ती आमच्या बोलीत सांगितली. एका किल्लेदाराची पोर शत्रूच्या शिपायावर जीव लावते. बापाला कळतं. तो त्या शिपायाला सकाळी भिंतीशी उभा करून गोळ्या घालायचा हुकूम देतो. "ऐका आता," मी म्हटलं. "नगारा बारीक घुमायला लागला का समजा, त्याला भिंतीशी आणलंय. पोरगी धावून राह्यली, पण वाट लांब हाय. अन् नगाऱ्यावर एकच मोठा ठोका पडला का समजायचं, तो गेला."

लोक पुढे सरकून बसले. आता त्यांना धागा सापडला होता.

नगारा घुमायला लागला. आधी ऐकूही येणार नाही इतका, मग वाढत वाढत. फिडली त्याच्यावरून पळत होत्या. मागच्या रांगेत कोणीतरी "आली, आली पोरगी" म्हणालं. मग सगळी वाद्यं एकाएकी थांबली. चाचांनी उजवा हात खांद्याच्या वर नेला आणि ठोका मारला. तो घुमत असतानाच ते हंड्यावर पुढे वाकले, तसेच बाजूला घसरले आणि जमिनीवर पडले. काडी हातातच होती.

आणि टाळ्या वाजल्या. सबंध हॉल उठून टाळ्या वाजवायला लागला. "वाहवा!" "क्या बात है!" "गेला रे, गेला बिचारा!" मीच त्यांना सांगितलं होतं ना, ठोका पडला की तो गेला. त्यांना वाटलं हेच ते नाटक, जे इतका वेळ दिसत नव्हतं. साहेब फिडलींकडे वळलेला होता. त्याला काही दिसलं नाही. त्याची काडी हलली आणि फिडली पुढचं रडवं गाणं वाजवायला लागल्या.

मी खाली बसले. चाचांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मनगट धरलं, नाडी नाही. गळ्याशी बोटं लावली, नाही. मी ओरडले, "बाई! डॉक्टर बाई!" टाळ्यांत माझा आवाज बुडाला. मी आणखी ओरडले तशा टाळ्या वाढल्या. ही किल्लेदाराची पोरगी, असं लोकांना वाटलं असणार. त्या क्षणी मला त्या सगळ्या हसऱ्या, भरल्या डोळ्यांच्या माणसांची जी दहशत वाटली तशी मला कुठल्याही प्रेताची कधी वाटली नाही.

डॉक्टर बाईंनी मात्र पाहिलं होतं. त्या साहेबाच्या अंगावरूनच धावत आल्या, एक घोडी आडवी झाली, कागद उडाले. शेरवानीची बटणं त्यांनी तोडली, कान छातीला लावला. मग माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला वॉर्डातून ओळखीची होती. त्या नजरेनंतर आम्ही चादर वर ओढतो.

पण बाईंनी मूठ आवळली आणि त्या मेलेल्या म्हाताऱ्याच्या छातीवर जोरात हाणली.

वाद्यं थांबली. टाळ्या थांबल्या. बाईंनी दुसऱ्यांदा मारलं. मला वाटलं, बाईंना वेड लागलं. मी त्यांचा हात धरायला पुढे झाले, आणि चाचांच्या घशातून एक घरघर आली. माझी बोटं अजून त्यांच्या गळ्यावर होती. बोटांखाली काहीतरी हललं. मग थांबलं. मग पुन्हा हललं, संथ, जड. राखेच्या रंगावर लाली चढत गेली. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, साहेबाकडे पाहिलं, आणि विचारलं, "आखरीवाला बराबर बैठा क्या?"

साहेब गुडघ्यावर बसला होता. त्याच्या पांढऱ्या हातमोज्यांवर शेजारच्या शेगडीतल्या कोळशाचे डाग पडले होते. त्याने नुसती मान हलवली.

आम्ही चाचांना उचलून बसतं केलं, तेव्हा मागच्या रांगांतून पुन्हा टाळ्या सुरू झाल्या.

रात्रभर बाई त्यांच्या खाटेपाशी होत्या. त्यांनी मला समजावून सांगितलं की हृदयाच्या वरच्या भागाचा निरोप कधीकधी खालच्या भागाला पोचत नाही आणि ते थांबतं. मूठ मारली तर क्वचित जागं होतं, असं त्यांनी वैद्यकाच्या एका मासिकात वाचलेलं होतं. "मी हे पूर्वी कधीही केले नव्हते," त्या म्हणाल्या. "आणि तिसऱ्यांदा मारण्याचे धैर्य मला झाले नसते."

सकाळी वाद्यवृंदाची गाडी होती. साहेब वॉर्डात आला आणि बाईंना म्हणाला, निघण्याआधी आम्हाला याच्यासाठी वाजवू द्या. बाईंनी साफ नकार दिला. चाचा खाटेवरून म्हणाले, "मेमसाब, नगाड़ा तो मैंच बजाता. बाकी सब शरीफ लोग हैं." शेवटी नुसत्या तारांच्या वाद्यांना परवानगी मिळाली. वॉर्डाच्या व्हरांड्यात फिडली, चेलो आणि तो मयताच्या पेटीतला डबल बास उभे राहिले. काल जे अर्धवट राहिलं होतं तेच त्यांनी वाजवलं, ठोक्यानंतरचं गाणं. खाटांवरचे रोगी कोपरांवर उठून बसले. एका म्हाताऱ्याने पांघरूण डोक्यावरून घेतलं.

मी चाचांची नाडी धरून बसले होते. त्यांचे ओठ हलत होते. सवय. थोड्या वेळाने ओठ हलायचे थांबले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी दाढीत उतरायला लागलं. मी घाबरून विचारलं, "दुखतं का कुठं?"

"नईं, नईं." मग म्हणाले, "बेटी, तीस साल हो गए इनके साथ. ये गाना मैं पहली बार सुन रहा हूँ."

मला वाटलं, त्यांचं डोकं फिरलंय. "रोज तर वाजवता की तुमी!"

"गिनता हूँ. सुनना नहीं होता. सुनने लगा तो गिनती छूट जाती." ते पुन्हा व्हरांड्याकडे पाहायला लागले. "इतना अच्छा था? कायकू नहीं बोला किसी ने मेरेकू?"

एवढ्या गदारोळाच्या मधोमध बसून माणूस तीस वर्षं बहिरा राहिला, आणि त्यालाच ठाऊक नव्हतं. आदल्या दिवशीच्या मरणापेक्षा मला हे जास्त लागलं.

दोन दिवसांनी त्यांची बायको आली. बुरख्याचा पडदा वर टाकून तिने आधी नवऱ्याला आपादमस्तक पाहिलं, मग मला बाजूला घेऊन विचारलं, "सच बोल. ये मर गए थे?"

"हौ," मी म्हटलं. "थोडा वेळ."

ती मटकन जमिनीवर बसली. मग तिथूनच त्यांना ओरडून म्हणाली, "बाजे के लिए मरे! मेरे लिए कभी छींके भी नहीं!" सगळा वॉर्ड हसला. चाचाही हसले आणि बाईंनी दारातून बोट दाखवून त्यांना हसायला मनाई केली.

नगारा वाजवायचा नाही, जिने चढायचे नाहीत, असं बजावून बाईंनी त्यांना घरी पाठवलं. त्याच आठवड्यात दादा बाजाराला आले. गोष्ट त्यांच्या कानावर आधीच गेली होती. बाजारात लोक सांगत होते की छावणीत एका बुढ्ढ्याने मरायचं असं सोंग केलं की तोड नाही, आणि एक पोरगी त्याच्यासाठी खरं रडत होती.

"दादा, ते सोंग नव्हतं," मी म्हटलं. "ती पोरगी मीच. त्यांची नाडी बंद पडल्ती."

दादांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. "मंग तो उठला कसा?"

"बाईंनी छातीवर बुक्की मारली."

दादा कितीतरी वेळ आपल्या पायाच्या जुन्या व्रणावरून बोटं फिरवत राहिले. "गावात हे सांगू नको," ते म्हणाले. "नाटक होतं म्हणून सांग. एवढं खरं लोकांना पेलायचं न्हाई."

पुढच्या हिवाळ्यात तो गोवेकर डबल बासवाला कुणा साहेबाच्या लग्नाला जालन्यात आला, तेव्हा दवाखान्यात डोकावला. मी पट्ट्या गुंडाळत होते. त्याने सांगितलं की चाचा पावसाळ्यात गेले, अंगणात बसल्या बसल्या, अगदी सहज. वाद्यवृंदातल्या साहेबांनी त्यांना एक जुना फोनो आणि ऑपेराच्या तबकड्या देऊन ठेवल्या होत्या. बायको चावी द्यायची आणि रोज दुपारी ते ऐकत बसायचे.

"वो बोलती थी," गोवेकर म्हणाला, "शुरू शुरू में सुनते सुनते इनके होंठ हिलते थे. फिर एक दिन बंद हो गए. पहले तो वो डर गई, लगा गए. पास जाके देखा, तो सुन रहे थे."

मला मेट्रन बाईंनी हाक मारली. मी पट्ट्या त्याच्या हातात तशाच देऊन वॉर्डात पळाले. परत आले तर त्या जाडजूड माणसाने त्या सगळ्या नीट गुंडाळून टेबलावर रचून ठेवल्या होत्या, आणि तो निघून गेला होता.